बालवयातील किरणोत्सर्ग आणि अवटू ग्रंथीचा कर्करोग : चेर्नोबिलनंतरच्या जनुकीय संशोधनाचा मागोवा

बीजसंज्ञा : अवटू ग्रंथी, किरणोत्सर्गी आयोडीन, जनुक-संयोग, रेट जनुक, चेर्नोबिल, फुकुशिमा

प्रस्तावना :

२६ एप्रिल १९८६ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तत्कालीन सोव्हिएत संघातील युक्रेन प्रजासत्ताकात चेर्नोबिल येथील अणुवीज केंद्राच्या चौथ्या क्रमांकाच्या अणुभट्टीत स्फोट झाला. या दुर्घटनेची चर्चा सर्वसाधारणपणे राजकीय गुप्तता, अणुऊर्जेचे धोरण किंवा पर्यावरणाची हानी या अंगांनी केली जाते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र सर्वसामान्य नागरिकांवरील तिचा सर्वांत ठळक परिणाम गळ्यातील एका लहानशा ग्रंथीत, आणि तोही मुख्यतः मुलांमध्ये, दिसून आला. ही ग्रंथी म्हणजे अवटू ग्रंथी, अर्थात थायरॉइड. दुर्घटनेच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्या, बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या चार बाधित प्रांतांतील व्यक्तींमध्ये १९९१ ते २०१५ या काळात या कर्करोगाचे १९,२३३ रुग्ण नोंदले गेले, असे संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये नमूद केले. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचा आजार किरणोत्सर्गामुळे झाला असावा, असा समितीचा अंदाज आहे.

या दोन विधानांच्या मधल्या जागेत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. चारांपैकी एक रुग्ण किरणोत्सर्गाचा, हे मान्य केले तरी तो एक कोणता? ज्या मुलीच्या गळ्यावर शस्त्रक्रियेचा आडवा व्रण आहे आणि जिला जन्मभर रोज संप्रेरकाची गोळी घ्यावी लागते, तिच्या दृष्टीने टक्केवारीला फारसा अर्थ नाही. तिचा कर्करोग कशामुळे झाला हे तिच्या गाठीतील जनुकांकडे पाहून सांगता येईल काय, या प्रश्नाचा पाठपुरावा शास्त्रज्ञ तीन दशकांहून अधिक काळ करीत आहेत. त्या शोधाचे, त्यातील घाईच्या अनुमानांसह, विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दूध, गवत आणि आयोडीन :

अवटू ग्रंथीला आपले संप्रेरक तयार करण्यासाठी आयोडीन लागते आणि रक्तातील आयोडीन ती मोठ्या कार्यक्षमतेने ओढून घेते. आयोडीन साधे आहे की किरणोत्सर्गी, हा भेद तिला करता येत नाही. चेर्नोबिलमधून बाहेर पडलेल्या आयोडीन-१३१ या समस्थानिकाचे अर्धायुष्य अवघे आठ दिवसांचे असते, म्हणजे दोन-तीन महिन्यांत ते जवळजवळ नाहीसे होते. परंतु त्या अल्प काळात ते वाऱ्याबरोबर पसरले, गवतावर बसले, ते गवत गाईंनी खाल्ले आणि दुधावाटे ते मुलांच्या पोटात गेले. ग्रामीण भागात घरच्या गाईचे दूध त्याच दिवशी पिण्याची पद्धत असल्याने किरणोत्सर्गाचा क्षय होण्यास वावच मिळाला नाही. हेच दूध काही आठवडे साठवून त्याची भुकटी किंवा चीज करून वापरले असते तरी पुष्कळ हानी टळली असती.

मुलांवर आघात अधिक का झाला, याचे उत्तर साध्या गणितात आहे. प्रौढ व्यक्तीची अवटू ग्रंथी सुमारे वीस ग्रॅम वजनाची असते, तर तान्ह्या मुलाची एक-दोन ग्रॅमची. तेवढ्याच आयोडीनमुळे लहान ग्रंथीच्या प्रत्येक ग्रॅमला मिळणारी मात्रा कितीतरी पट वाढते. शिवाय मुले दूध अधिक पितात आणि त्यांच्या ग्रंथीतील पेशींचे विभाजन अद्याप चालू असते. त्यात भर म्हणजे बाधित प्रदेशाच्या मोठ्या भागात मुळातच आहारात आयोडीनची कमतरता होती. आयोडीनसाठी आसुसलेल्या ग्रंथीने मिळाले ते घेतले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बेलारूस व रशियातील २७६ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात आयोडीनची कमतरता असलेल्या भागांत किरणोत्सर्गजन्य धोका सुमारे तिप्पट आढळला, आणि पोटॅशियम आयोडाइड घेतलेल्या मुलांत तो सुमारे एक तृतीयांशावर आला. पोलंडने दुर्घटनेनंतर काही दिवसांतच सुमारे एक कोटी मुलांना स्थिर आयोडीन दिले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

सुरुवातीचा अविश्वास :

३ सप्टेंबर १९९२ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात बेलारूसमधील डॉक्टरांचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. त्यात १९८६ ते १९८९ या काळात वर्षाला सरासरी चार असलेली बालरुग्णांची संख्या १९९१ मध्ये ५५ वर गेल्याचे नमूद होते. या माहितीचे स्वागत झाले नाही. किरणोत्सर्गजन्य घन कर्करोगाला निदान दहा वर्षे लागतात, येथे तर चार-पाचच वर्षे झाली आहेत, असा एक आक्षेप होता. दुसरा असा की, वैद्यकीय उपचारांत वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ मुळे कर्करोग होतो असे त्यापूर्वी ठळकपणे दिसले नव्हते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार होता. सर्वांच्या गळ्यांची तपासणी सुरू झाली म्हणजे एरवी न कळलेल्या गाठीही सापडणारच.

आक्षेप तर्काला धरून होते, तरीही ते चुकीचे ठरले. बाहेरून दिलेल्या क्ष-किरणांमुळे बालवयात या ग्रंथीचा कर्करोग होतो, हे १९५० पासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले होते. उपचारांचा जो अनुभव पुढे केला जात होता तो मुख्यतः प्रौढांचा होता, मुलांचा नव्हे. तपासणीच्या आक्षेपाला निर्णायक उत्तर २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मिळाले. बेलारूसमधील गोमेल प्रांतात एकाच पद्धतीने सर्व मुलांची श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणी करण्यात आली. दुर्घटनेपूर्वी जन्मलेल्या ९,७२० मुलांत ३१ कर्करोग आढळले. दुर्घटनेनंतर, आयोडीन-१३१ नाहीसे झाल्यावर जन्मलेल्या ९,४७२ मुलांत एकही आढळला नाही. यंत्र तेच, प्रांत तोच, शाळाही बहुधा त्याच. फरक होता तो केवळ जन्मतारखेचा. किरणोत्सर्गाच्या साथरोगशास्त्रात इतकी स्वच्छ तुलना क्वचितच मिळते.

पोथीची पाने आणि चुकीची शिवण :

येथून पुढचा प्रश्न पेशीच्या आत शिरतो. जनुकीय बदल अनेक प्रकारचे असले तरी या विषयापुरते दोन महत्त्वाचे. पहिल्यात डी.एन.ए.च्या दीर्घ मजकुरातील एखादेच अक्षर बदलते, त्यास बिंदू-उत्परिवर्तन म्हणतात. दुसऱ्यात मजकुराचा धागाच दोन ठिकाणी तुटतो आणि तुटलेली टोके चुकीच्या जोडीदाराला जोडली जातात. जुन्या पोथीची पाने सुटावीत आणि बांधणाऱ्याने घाईत एका अध्यायाचा आरंभ दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाला शिवून टाकावा, तसा हा प्रकार आहे. अशा रीतीने दोन जनुकांचे भाग एकत्र येऊन जे नवे जनुक तयार होते, त्यास जनुक-संयोग असे म्हणता येईल.

किरणोत्सर्गाचे वैशिष्ट्य असे की, तो डी.एन.ए.चे दोन्ही धागे एकाच वेळी तोडू शकतो. पेशी अशी तूट दुरुस्त केल्यावाचून राहत नाही, कारण ती तशीच राहिली तर पेशी मरते. दुरुस्तीच्या उपलब्ध पद्धतींपैकी सर्वांत तत्पर पद्धत म्हणजे समोर दिसतील ती दोन टोके थेट जोडून टाकणे. एकच तूट असेल तर यात फारसे बिघडत नाही. एकाच वेळी दोन तुटी जवळजवळ झाल्या की मात्र चुकीची शिवण पडण्याचा संभव निर्माण होतो.

अवटू ग्रंथीच्या पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगात, आणि चेर्नोबिलनंतरचे जवळपास सर्व बालरुग्ण याच प्रकारचे होते, अशी शिवण वारंवार ‘रेट’ या जनुकात पडलेली आढळते. हे जनुक १९८५ मध्ये जपानी संशोधकांनी वर्णिले. दहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर त्याचे स्थान आहे. पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरून येणारा वाढीचा संदेश स्वीकारणारे प्रथिन ते तयार करते. मज्जासंस्था व मूत्रपिंड यांच्या जडणघडणीत त्याचे कार्य मोलाचे आहे, परंतु अवटू ग्रंथीच्या ज्या पेशी आयोडीन शोषून संप्रेरक बनवितात त्यांत हे जनुक एरवी निद्रिस्त असते. त्याच गुणसूत्रावरील सीसीडीसी-६ या जनुकाचा अग्रभाग त्याला जोडला गेला की ‘रेट/पीटीसी-१’ हा संयोग होतो, आणि एनसीओए-४ या जनुकाचा भाग जोडला गेला की ‘रेट/पीटीसी-३’. दोन्ही बाबतींत गुणसूत्राचा मधला तुकडा कापून, उलटा करून, पुन्हा त्याच जागी बसविल्यासारखी रचना होते.

परिणाम दुहेरी असतो. जोडीदार जनुके या पेशींत सदैव कार्यरत असल्याने निद्रिस्त रेट जनुकही जागे होते, आणि जोडीदाराने दिलेल्या तुकड्यामुळे तयार होणारी प्रथिने आपसांत जोड्या करून, बाहेरून कोणताही संदेश आलेला नसताना, वाढीचा आदेश देत राहतात. दारावरची घंटा कोणी न दाबताही अखंड वाजत राहावी, तसे हे आहे. रेट/पीटीसी-१ चे स्वरूप इटालियन संशोधकांनी १९९० मध्येच, म्हणजे बेलारूसचे ते पत्र प्रसिद्ध होण्यापूर्वी, उलगडले होते. त्यामुळे चेर्नोबिलच्या गाठी प्रयोगशाळांत पोहोचल्या तेव्हा काय शोधावयाचे हे ठाऊक होते.

सीसीडीसी-६ आणि रेट यांच्यात दीड कोटीहून अधिक क्षारक जोड्यांचे अंतर आहे. इतक्या दूरच्या दोन ठिकाणी एकाच वेळी तूट व्हावी आणि नेमकी तीच टोके एकमेकांना मिळावीत, हे प्रथमदर्शनी असंभाव्य वाटते. याचे उत्तर २००० साली ‘सायन्स’मध्ये आले आणि ते या संपूर्ण संशोधनातील सर्वांत देखणे उत्तर म्हणावे लागेल. गुणसूत्र पेशीकेंद्रकात सरळ पट्टीसारखे पसरलेले नसते, ते लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले असते. गुंड्यात धाग्याच्या लांबीने दूर असलेले दोन बिंदू एकमेकांना चिकटून असू शकतात. संशोधकांनी ही दोन जनुके वेगवेगळ्या रंगांत उजळवून पाहिली, तेव्हा सामान्य अवटू पेशींपैकी ३५ टक्के पेशींत त्यांची निदान एक जोडी परस्परांना लागून होती. स्तनाच्या पेशींत हे प्रमाण केवळ ६ टक्के होते. किरणोत्सर्गाचा एकच मार्ग दोन्ही जनुकांना एकाच वेळी छेदून जाऊ शकतो, तो याच ग्रंथीत का अधिक घातक ठरतो, याचे भौमितिक स्पष्टीकरण त्यातून मिळाले.

‘स्वाक्षरी’ची घाई :

नव्वदच्या दशकातील पहिल्या अभ्यासांत चेर्नोबिलच्या बालरुग्णांच्या गाठींपैकी मोठ्या भागात रेट संयोग आढळले. विशेषतः दुर्घटनेनंतर पहिल्या दहा वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या, अगदी लहान वयात बाधा पोहोचलेल्या मुलांत रेट/पीटीसी-३ आणि भरीव रचनेच्या, झपाट्याने पसरणाऱ्या गाठी यांची सांगड दिसून आली. नंतरच्या वर्षांत रेट/पीटीसी-१ चे प्रमाण वाढले. याउलट प्रौढांच्या नेहमीच्या गाठींत ज्याचे वर्चस्व असते ते बी-रॅफ जनुकातील बिंदू-उत्परिवर्तन (प्रथिनाच्या ६०० व्या स्थानी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल) या मुलांत विरळाच होते. त्यावरून रेट संयोग ही किरणोत्सर्गाची ‘स्वाक्षरी’ होय, असे प्रतिपादन होऊ लागले.

यातील दोष तुलनेच्या निवडीत होता. एका बाजूला किरणोत्सर्ग झालेली मुले आणि दुसऱ्या बाजूला किरणोत्सर्ग न झालेली प्रौढ माणसे, अशी ही तुलना होती. किरणोत्सर्गाचा संपर्क नसलेल्या मुलांच्या गाठी पुरेशा संख्येने तपासल्या गेल्या तेव्हा त्यांतही रेट संयोग लक्षणीय प्रमाणात आणि बी-रॅफचे उत्परिवर्तन कमी आढळले. म्हणजे जे किरणोत्सर्गाचे लक्षण मानले गेले ते निदान अंशतः वयाचे लक्षण होते. सामाजिक शास्त्रांत संशोधन करणाऱ्या अध्यापकांना हा दोष परिचित आहे. दोन गटांत एकाच वेळी दोन बाबी वेगळ्या असतील तर फरकाचे श्रेय कोणत्या बाबीला द्यावयाचे? तथापि स्वाक्षरीची कल्पना आकर्षक असल्याने ती पाठ्यपुस्तकांतून लवकर हटली नाही.

त्यानंतर वयाचे भान ठेवून केलेल्या अभ्यासांनी चित्र पालटले, पण पुसले नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेर्नोबिलनंतरच्या २६ गाठींपैकी २२ गाठींत कोणता ना कोणता जनुक-संयोग होता, तर बाधा न पोहोचलेल्या तुलनागटात असे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते. संयोग केवळ रेटचे नव्हते. एनटीआरके-३ आणि खुद्द बी-रॅफ यांचेही संयोग सापडले. किरणोत्सर्ग विशिष्ट जनुक निवडत नाही, तो विशिष्ट प्रकारची इजा करतो, हा विचार येथून बळावला. त्यापूर्वी २०११ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी सातव्या गुणसूत्रावरील एका भागाची वाढलेली संख्या केवळ बाधित मुलांच्या गाठींतच आढळल्याचे सांगितले होते आणि स्वाक्षरीची आशा पुन्हा पालवली होती.

२०२१ चा अभ्यास :

या सर्व प्रयत्नांना एक मोठी अडचण होती, ती म्हणजे नमुन्यांची अल्प संख्या. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय साहाय्याने ‘चेर्नोबिल ऊती पेढी’ स्थापन झाली नसती तर ती कायमच राहिली असती. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी, त्यांच्या शेजारची निरोगी ऊती आणि रक्त यांचे नमुने रुग्णांच्या संमतीने तेथे जतन केले गेले. त्यांतील युक्रेनमधील ४४० रुग्णांच्या नमुन्यांचा सर्वांगीण जनुकीय अभ्यास एप्रिल २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३५९ जणांना बालपणी किंवा गर्भावस्थेत बाधा पोहोचली होती, तर ८१ जण दुर्घटनेनंतर नऊ महिन्यांहून अधिक काळाने जन्मलेले होते. बाधितांना मिळालेली सरासरी मात्रा सुमारे २५० मिलिग्रे होती. येथे ‘बाधित’ व ‘अबाधित’ असे केवळ दोन कप्पे न करता प्रत्येकाच्या मात्रेशी जनुकीय बदलांचा संबंध तपासला गेला, हे या अभ्यासाचे खरे बळ होय.

मात्रा जसजशी वाढत गेली तसतसे कर्करोगाला चालना देणाऱ्या जनुक-संयोगांचे प्रमाण वाढले आणि बिंदू-उत्परिवर्तनांमुळे झालेल्या गाठींचे प्रमाण घटले. डी.एन.ए.मधील बारीक लोप, म्हणजे काही अक्षरे गळून पडणे, हेही मात्रेबरोबर वाढले. तुटलेली टोके थेट जोडण्याच्या त्या तत्पर दुरुस्तीच्या खुणा या बदलांवर स्पष्ट दिसत होत्या. बाधेच्या वेळी वय जितके लहान तितका हा संबंध अधिक तीव्र होता. याउलट साध्या अक्षरबदलांची एकूण संख्या मात्रेशी निगडित नव्हती, ती वयाशी निगडित होती. पेशी जितकी वर्षे जगली तितक्या चुका साचल्या, एवढेच.

मात्र याच अभ्यासाने स्वाक्षरीची आशाही मावळवली. केवळ किरणोत्सर्गामुळेच होतो आणि अन्यथा होतच नाही, असा एकही बदल सापडला नाही. एकदा चालक बदल घडला की पुढील जनुकीय व्यवहार त्या बदलावर अवलंबून राहतो, तो कशामुळे घडला याची नोंद गाठीत उरत नाही. ४४० जणांच्या समूहात किरणोत्सर्गाचा हात स्पष्ट दिसतो. त्यांतील एका व्यक्तीची गाठ समोर ठेवली तर तो दिसत नाही.

त्याच अंकात आणखी एक अभ्यास होता. दुर्घटनेशी संबंधित काम केलेल्या किंवा स्थलांतरित झालेल्या पालकांच्या, नंतर जन्मलेल्या १३० अपत्यांत नव्या उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. गाठीतील जनुक-संयोग हे त्या गाठीपुरते असतात, ते वंशपरंपरेने उतरत नाहीत. बाधित भागांतील कित्येक मुलींच्या विवाहांच्या व मातृत्वाच्या निर्णयांवर ज्या भीतीचे सावट होते, तिच्या संदर्भात या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.

उपचारांच्या अंगाने एवढेच नमूद करणे पुरेसे आहे की, हा कर्करोग मुलांत लवकर पसरत असला तरी उपचारांना उत्तम प्रतिसाद देतो. २००५ पर्यंत नोंदलेल्या ६,८४८ रुग्णांपैकी १५ मृत्यू या आजाराने झाले होते. ज्या मोजक्या रुग्णांत किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचारही निष्प्रभ ठरतो त्यांच्यासाठी रेट व एनटीआरके संयोगांना थेट रोखणारी औषधे २०१८ ते २०२० या काळात अमेरिकेत मान्यता पावली.

फुकुशिमा : जुना प्रश्न, उलट बाजूने :

मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे अणुवीज केंद्राचा अपघात झाल्यावर त्या प्रांतातील अठरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची, म्हणजे साडेतीन लाखांहून अधिक जणांची, गळ्याची तपासणी हाती घेण्यात आली. शेकडो कर्करोग सापडले आणि साहजिकच चेर्नोबिलची आठवण निघाली. परंतु ग्रंथीला मिळालेली मात्रा चेर्नोबिलच्या तुलनेत फारच कमी होती. दूध व भाज्या यांवर वेळीच आलेल्या निर्बंधांचाही त्यात वाटा होता. २०१५ मध्ये ६८ गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ४३ गाठींत, म्हणजे ६३.२ टक्क्यांत, बी-रॅफचे तेच बिंदू-उत्परिवर्तन होते. रेट संयोग थोडेच होते. हे चित्र किरणोत्सर्गाचे नसून सूक्ष्म तपासणीमुळे एरवी सुप्त राहिलेल्या गाठी उघडकीस आल्याचे आहे, असे अनुमान त्यावरून काढले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे मतही, मुख्यतः मात्रेच्या आधारे, असेच आहे.

हे अनुमान बहुधा बरोबर आहे. तथापि त्याला दिलेला जनुकीय आधार जपून वापरावयास हवा, कारण नव्वदच्या दशकातील चूक येथे उलट दिशेने होऊ शकते. फुकुशिमाचे रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळी प्रायः किशोरवयीन किंवा त्याहून मोठे होते. चेर्नोबिलच्या पहिल्या लाटेतील मुले त्यांच्याहून लहान होती. वय वाढले की बी-रॅफचे प्रमाण आपोआप वाढते. शिवाय जपानी लोकसमूहात प्रौढांच्या गाठींत हे उत्परिवर्तन मुळातच अधिक आढळते आणि त्या देशाच्या आहारात आयोडीन विपुल असते. तेव्हा निर्णायक पुरावा मात्रेचा आहे. जनुकांचा पुरावा त्याच्याशी सुसंगत आहे, इतकेच म्हणता येते.

२७ जानेवारी २०२२ रोजी, अपघाताच्या वेळी फुकुशिमात राहणाऱ्या आणि पुढे या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या सहा तरुण-तरुणींनी वीज कंपनीविरुद्ध टोकियो जिल्हा न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. दाव्याच्या वेळी त्यांची वये १७ ते २७ वर्षे होती. न्यायालयाला निर्णय व्यक्तीविषयी द्यावा लागतो, आणि गाठीतील जनुके, २०२१ च्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे, व्यक्तीविषयी साक्ष देत नाहीत. अशा दाव्यांत उरतात ती जुनीच साधने : त्या मुलाने त्या आठवड्यांत काय खाल्ले-प्यायले, तो कोठे होता, आणि त्याच्या गळ्याशी मापक यंत्र धरून कोणी वेळेवर मोजणी केली होती काय. फुकुशिमात अशी थेट मोजणी झालेल्या मुलांची संख्या सुमारे एक हजार होती.